वसई ते वालीव, रिव्हर्स गिअरमध्ये

वालीवला जायचे दोन मार्ग आहेत. बैलगाडीने जा, नाहीतर माझ्या ट्रकने. बैलगाडी लवकर पोचते असं आमच्या अक्काचं मत आहे, आणि मी ते इथे केवळ प्रामाणिकपणा म्हणून नोंदवतो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या वसंताचं लग्न वालीवच्या इंदूशी ठरलं, मुहूर्त दुपारचा निघाला, आणि वऱ्हाड ट्रकमधून जाईल हे मी कुणी विचारायच्या आधीच जाहीर करून टाकलं.

ट्रक लढाईतला. लष्कराने मोडीत काढल्यावर मी घेतला आणि कुठल्याही मेकॅनिकचा हात लागू न देता, खोलून, पुसून, परत जोडून शिकलो. आमच्या किनाऱ्याकडच्या गल्ल्यांतून रहाटाच्या पाण्याचे दांड, म्हणजे उंच बांधलेले पाट, आडवे गेलेले असतात. कुणाचा दांड ट्रकच्या पोटाला घासून फुटला तर त्या घराशी बोलणंच बंद होतं. म्हणून ट्रक उंच करणं भाग होतं. चाकांचा कणा आणि स्प्रिंग यांच्यामध्ये बाभळीचे ठोकळे घालायचे, की झालं. मागे सपाट ठोकळे चालतात. पुढे मात्र पाचरीसारखे लागतात, एका बाजूला जाड. पुढच्या चाकांची बैठक वरच्या अंगाला किंचित मागे रेललेली असावी लागते, सायकलच्या चिमट्यासारखी. हात सोडून सायकल चालवणारी मुलं पडत नाहीत ती त्यामुळेच.

ठोकळे मी स्वतः तासले. बसवले रामा सुताराने, लग्नाच्या आदल्या दिवशी. "पाचर नेहमीसारखी घाल," असं त्याला सांगून मी मुंडावळ्या आणायला बाजारात गेलो.

सकाळी उन्हं तापायच्या आत निघालो. माघ महिना होता. तुम्ही जाणार असाल तर हेच दिवस बरे. रस्ता कोरडा असतो, धूळ असते पण चिखल नसतो. वसईच्या बाजारात पाव मिळतो तो सकाळीच घ्या, पुढे मिळत नाही. ट्रकच्या हौद्यात वसंता, अक्का, बायकामाणसं, केळीचे घड, सुकेळीच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांच्या, दोन टोपल्या, एक सनईवाला आणि एक ताशेवाला. मी एकटा पुढे.

गल्लीत ट्रक दांडांवरून असा गेला की पाण्याचा थेंब हलला नाही. मी खिडकीतून मागे बघून अक्काला म्हणालो, "बघ!"

"पुढे बघ," अक्का म्हणाली.

मोठ्या रस्त्याला लागून जरा वेग घेतला, आणि ट्रकला स्वतःचं मत असल्याचं कळलं. जरा डावीकडे वळवला की तो आणखी डावीकडे वळे. ओढून उजवीकडे आणला की उजवीकडचं त्याला इतकं आवडे की परत यायचं नाव नाही. स्टेशनच्या अलीकडे एका कापणी झालेल्या शेताकडे त्याचं लक्ष गेलं आणि आम्ही सगळे त्या शेतात गेलो.

"मामा," वसंता वरून ओरडला, "वालीव इकडून आहे?"

"गप बस, नवरदेव आहेस."

शेतातून बाहेर पडायला रिव्हर्स टाकला. ट्रक सुतासारखा सरळ मागे आला. बांध ओलांडून रस्त्यावर, रस्त्यावरून मागे, मागे, मी स्टिअरिंग सोडलं तरी सरळ! परत पुढे घेतला, तर शेताकडे. परत मागे, तर सरळ. मी उतरलो आणि चाकाखाली वाकलो. ठोकळ्यांची जाड बाजू, मागे हवी ती, पुढे होती.

बैलगाडीचं जू बैलांच्या मानेवर दाबू नये म्हणून आमच्याकडे पाचर घालताना जाड बाजू नेहमी पुढे ठेवतात. रामाने माझ्या ट्रकचे बैल वाचवले होते.

"किती वेळ लागेल?" अक्काने विचारलं.

"उतरवून, फिरवून, बसवून... मुहूर्त टळेल."

"मग?"

मग मी ट्रक रस्त्यावर आडवा फिरवला आणि त्याची शेपटी वालीवकडे केली.

अक्काने हौद्यातून वाकून वालीवच्या दिशेला बघितलं. मग म्हणाली, "माझा मुलगा सासरी पाठमोरा जाणार नाही." मी म्हटलं, पाठमोरा ट्रक जाईल, वसंताला हौद्याच्या मागच्या फळीपाशी उभा कर, तोंड वालीवकडे. म्हणजे नवरा सगळ्यात पुढे आणि गाडी त्याच्या मागून. हे तिला एकदम पटलं. इतकं की आधीच असं का नाही आणलंस म्हणून मला बोलली.

अडचण एकच, मला मागचं दिसत नव्हतं. हौद्यात माणसं, आणि आरसा ड्रायव्हरच्या बाजूला एकुलता एक. म्हणून वाट दाखवायचं काम वसंतावर आलं.

"डावीकडे, मामा!"

"कुणाच्या?"

"माझ्या!"

"तुझी डावी ती माझी उजवी!"

"मग तुमच्या उजवीकडे!"

"कधी, आता?"

"मघाशी!"

शेवटी सनईवाल्याला एका कडेला, ताशेवाल्याला दुसऱ्या कडेला बसवलं आणि ठरलं की ट्रक सनईकडे घ्यायचा असेल तर सनई, ताशाकडे घ्यायचा असेल तर ताशा, आणि सरळ असेल तर कुणीही वाजवायचं नाही. ही पद्धत उत्तम आहे, कुणालाही सुचवेन. रेल्वेच्या फाटकात फाटकवाला बाहेर येऊन ट्रकच्या दोन्ही टोकांकडे बघत राहिला.

"येताय की जाताय?"

"जातोय."

"मग तोंड इकडे का?"

"तोंड नवऱ्याचं तिकडेच आहे," अक्का वरून म्हणाली. त्याने फाटक उघडलं.

गोखिवऱ्याचा रस्ता सरळ आहे. त्यामुळे तिथून आम्ही अगदी शांततेत गेलो. मुंडावळ्या बांधलेला तरुण उभा, बायका बसलेल्या, वाद्यं मांडीवर, आवाज नाही. रस्त्याकडेच्या दोन म्हाताऱ्यांनी प्रेतयात्रेला काढतात तशा टोप्या काढून हात जोडले. तेवढ्यात वळण आलं आणि ताशा कडाडला. त्यातला एक म्हातारा आमच्यामागून बराच वेळ ओरडत होता, काय ते ऐकू आलं नाही. गोखिवऱ्यात रेडिएटर उकळला, एका घरून पाणी मिळालं. एक आण्याला चहाही मिळतो, पण गुळाचा आणि फार गोड.

वालीवला मुहूर्ताच्या थोडं आधी पोचलो. मांडवातली माणसं धावत आली ती ट्रकच्या तोंडाकडे, तिथे मी एकटा. नवरा दुसऱ्या टोकाला हार घ्यायला वाकून उभा होता.

एवढं सगळं सुरळीत झालं असतं, पण इंदूची आजी मांडवाच्या खांबाला धरून उभी होती.

"ही गाडी परत कशी जानार?"

"अशीच, आजी."

"जावई कसापन आला, आला. माजी पोर उलटी जायची नाय."

"अहो, वसई लांब आहे."

"पायी जाईल. नायतर आमची बैलगाडी हाय."

अक्काचा चेहरा मला दिसला. सून बैलगाडीतून पुढे आणि मागून आमचा ट्रक सुनेवाचून, उलटा, सनईच्या इशाऱ्यावर, असा वसईच्या बाजारातून! मी कोट काढला.

"पाठवणीच्या आत सरळ करून देतो," म्हणालो.

"बगू," आजी म्हणाली.

इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून सांगतो. आधी मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. जॅकने ट्रकचं नाक उचला, पण जॅकवर विश्वासून खाली शिरू नका, चौकटीखाली पक्का आधार द्या. मला मुलीकडच्यांचं भाताचं उखळ मिळालं, त्याहून पक्कं काही नाही. स्प्रिंग कण्याला बांधणारे यू-बोल्ट सैल करा, ठोकळा ओढून काढा, टोकाकडून टोकाकडे फिरवा. जाड बाजू मागे. बोल्ट आवळताना चारही थोडे थोडे आवळा, एकच पुरा आवळलात तर ठोकळा तिरका बसतो.

डावा ठोकळा फिरवून झाला आणि उजवा हातात आला, तोच हाका सुरू झाल्या.

"नवऱ्याचा मामा कुठाय? अंतरपाट धरलाय!"

"गाडीखाली!"

"गाडीखालून मंगलाष्टका नाय म्हनता येत, बाहेर काढा त्याला!"

नवऱ्याच्या मागे मामा उभा राहिल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. मी उभा राहिलो, उजव्या हातात पाना, डाव्या हातात ठोकळा, ठेवायला सुचलंच नाही. भटजी दर कडव्याला 'सावधान' म्हणत आणि मी दर वेळी उखळाकडे बघे. एक बाजू पुढे जायची, एक मागे जायची, अशा अवस्थेतला ट्रक कुणा पोराने चालू केला असता तर तो कुठे गेला असता हे मला आजही सांगता येत नाही. अक्षता पडल्या तशी माझ्या ग्रीसच्या हातांना निम्म्या चिकटल्या, आणि तशाच दुसऱ्या ठोकळ्याखाली गेल्या.

जेवणं झाली, माझं राहिलं. ऊन कलायच्या आत ट्रक गावाबाहेर नेला, हात सोडून चालवला, तसाच परत आणला. आजी मांडवातून रस्त्यापर्यंत आली. तिने चाकं नाही बघितली, माझे मोकळे हात बघितले.

"बशीव पोरीला," म्हणाली.

इंदू माझ्या शेजारी बसली, वसंता मागे वऱ्हाडात. ट्रक इतका सरळ चालला होता की मी दोनदा मुद्दाम स्टिअरिंग सोडून दाखवलं. तिने बघितलं नाही. मान वळवून ती मागची खिडकी बघत होती, आणि मागच्या खिडकीत फक्त सुकेळीच्या रिकाम्या टोपल्या आणि सनईवाल्याची पाठ.

गोखिवरे यायच्या आत म्हणाली, "मामा, सकाळी तुम्ही उलटे आलात ना?"

"हो, पण आता पक्का सरळ केलाय. काळजी नको."

"उलटंच न्यायचं होतं," ती म्हणाली. "पुढच्या काचेतून वालीव दिसत राहिलं असतं."

मी आयुष्यात केलेलं इतकं चोख काम इतक्या हळू आवाजात कुणी नापास केलं नव्हतं. ट्रक थांबवला, उतरलो, आणि आरशाचा स्क्रू सैल करून तो तिच्याकडे फिरवला. तिथून वालीवचा रस्ता, ताडाची दोन झाडं आणि मांडवाचं टोक येत होतं. पुढचं मी मागे कोण आहे ते न बघता चालवलं. फाटकापर्यंत ती आरशाकडे बघत होती. फाटकानंतर पुढे बघू लागली.

ठोकळे अजून जागच्या जागी आहेत, हाताने तपासून बघा. अक्का सांगते की मिरवणूक उलटीच जास्त शोभली, आणि दोन घरांनी पुढच्या लग्नाला ट्रक 'तसाच' मिळेल का म्हणून विचारलंय. मी नाही म्हणालो. आरसा मात्र सरळ केलेला नाही. इंदू माहेरी जाते ती माझ्या शेजारी बसून, आणि परत येताना तिला तो लागतो.