चहाच्या आधी बाहुली

प्रशिक्षणात कोण किती शिकलं हे मला हॉलमध्ये कधीच कळत नाही. हॉलमध्ये सगळ्याच नर्सबाया शहाण्या असतात, शिकवणारी मीसुद्धा. खरं काय ते महिन्याभरानं त्यांच्या आरोग्य केंद्रात गेलं की दिसतं. माझी नोकरीच ती आहे. धाराशिवला शिकवलेलं गावात उतरलं का ते बघायचं आणि उतरलं नसेल तर मदत करायची. मदत म्हणजे कान उपटणं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मी फटकळ आहे, यावर घरच्यांचं आणि ऑफिसातल्यांचं एकमत आहे.

भूम तालुक्यात, ईटच्या रस्त्यावरून आत वळलं की असंच एक छोटं केंद्र आहे. तिथल्या सिस्टर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची निम्मी पोरं त्यांच्याच हातात जन्मलेली. प्रशिक्षणात मात्र रबरी बाहुलीच्या तोंडावर मास्क धरताना त्यांचा हात काही केल्या बसेना. मागच्या बाकावरच्या तरण्या पोरी हसल्या. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला मास्क लावून, रबरी पिशवी दाबून श्वास द्यायचा, तोही पहिल्या मिनिटात, एवढाच तो धडा होता.

पहिल्या भेटीत मी म्हटलं, "पिशवी दाखवा, बाई."

त्या किल्ली शोधायला लागल्या. खणात नव्हती, पर्समध्ये नव्हती. शेवटी केंद्रातल्या मदतनीस मावशींच्या जेवणाच्या डब्याखाली सापडली. कपाटात खोका, खोक्यात प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर लाल शाईनं साठा नोंदवहीचा नंबर. मी मोबाइलवर वेळ लावली होती. चार मिनिटं झाली.

"बाळ एवढं थांबतं का?"

"मॅडम, सरकारी चीज हाय. हरवली, फाटली तर जाब कुणी द्यायचा? तुमी?"

आमच्याकडं नवी वस्तू आली की तिला आधी कुलूप लागतं. वापरली नाही म्हणून कुणाला नोटीस आल्याचं मी ऐकलेलं नाही, हरवली म्हणून मात्र येते. त्यांचं चुकत होतं, पण त्या वेड्या नव्हत्या. तरी मी नको तेवढं बोलले. त्या खिडकीबाहेर बघत ऐकत राहिल्या. निघताना रागारागातच मी नोंदवहीत लिहिलं, 'वापरात खराब झाल्यास जबाबदारी माझी,' आणि खाली सही ठोकली. गाडीत बसल्यावर मनात म्हटलं, या वयात बाईंना हे जमायचं नाही.

दुसऱ्या भेटीला कपाट उघडंच होतं. पिशवी बाळाच्या टेबलाशेजारी खिळ्याला, जुन्या लुगड्याच्या थैलीत टांगलेली. टेबलावर एक बाहुली होती. मावशींनी शिवलेली, चिंध्या भरलेली, कपाळाला टिकली.

"चहाच्या आधी बाहुली," सिस्टर म्हणाल्या. "सकाळी ड्यूटीवर आलं की हिला मिनिटभर श्वास द्यायचा, मगच चहा. चहाबिगर आमच्यातली एकबी राहत न्हाय, म्हून खाडा पडत न्हाय."

मी बाहुली उचलली. मान लुळी पडली. म्हटलं, मान नीट शिवा की.

"मुद्दाम सैल ठिवली. बाळाची मान लुळीच असती, मॅडम. तुमची रबराची लई ताठ व्हती. माझा हात तिथंच अडत व्हता."

मी बाहुली परत टेबलावर ठेवली, मान जपून. इतकी वर्षं मी त्या ताठ मानेवर शिकवत होते आणि ज्यांचे हात अडायचे त्यांना कच्चं ठरवत होते.

तिसऱ्या भेटीला गेले तेव्हा अकरा वाजले होते आणि आत बाळंतपण चाललं होतं. पहिलटकरीण होती, सासर सोनारीचं, माहेरी आलेली. बाळ आलं ते निळसर, लुळं. रडलं नाही. सिस्टरांनी पुसलं, पाठ चोळली. काही नाही. नाळ कापून बाळ टेबलावर घेतलं. दाराबाहेरून त्या पोरीच्या आईनं विचारलं, "रडलं का वो, बाई?"

पोरगी मान वळवून आमच्याकडं बघत होती.

माझा हात थैलीकडं गेला. मी शिकवणारी, मला येतं, असं त्या हाताला वाटलं असावं. खरं तर गेली आठ वर्षं मी रबराखेरीज कुणाला श्वास दिला नव्हता. माझा हात पोचायच्या आत पिशवी सिस्टरांच्या हातात होती.

"मॅडम, हात काढा."

मी काढला.

पहिल्या दाबाला छाती हलली नाही. 'मान' असं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर त्यांच्या दोन बोटांनी मान सरळ करून मास्क पुन्हा बसवलासुद्धा. दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन. आवाज अगदी रोजचा, चहाआधीचा. आणि ती छाती वर आली. भाकरीला पापुद्रा सुटावा तेवढीच, पण आली. पुन्हा आली. निळेपणा ओसरत गेला, आधी छातीवरून, मग ओठांवरून. आणि ते चिडून रडलं. बाळंतपणं मी खूप पाहिली आहेत, पण एका माणसात दुसऱ्या माणसाच्या हातानं प्राण येताना इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. बाहेर पोरीची आई मोठ्यानं रडायला लागली.

सिस्टरांनी बाळ पोरीच्या छातीवर ठेवलं, पिशवी धुवायला घेतली आणि मावशींना म्हणाल्या, "आता टाका चहा. मॅडमला साखर जास्त."

चहा पिता पिता मी भेटीचा फॉर्म भरला. त्यात शेवटी एक रकाना असतो, 'मार्गदर्शकाने प्रत्यक्ष केलेली मदत'. दर वेळी मी तिथं चार ओळी लिहिते. त्या दिवशी बराच वेळ पेन धरून बसले आणि खरं होतं तेवढंच लिहिलं: 'हात काढला.'