उरणला निघालेली एक सीट

प्रवासात माणसाचा अहंकार गळून पडतो, असे थोर लोक लिहून गेले आहेत. माझा पनवेल स्टँडाबाहेर दुपारी तीनला गळला. उरणचा समुद्र पाहायला पुण्याहून निघालो होतो. शेअर व्हॅनवाल्या सलीमभाईंनी मला नखशिखांत न्याहाळले आणि ओरडून सांगितले, "एक सीट आली!"

गाडीत सातपैकी सहा जागा भरलेल्या दिसल्या, म्हणून मी घाईने शिरलो. मी टेकताच दोघे जण उतरून चहा-पानाच्या टपरीकडे गेले. ते 'डमी' (गाडी भरलेली दिसावी म्हणून बसवलेले मित्र) होते. रिकाम्या गाडीत कोणी बसत नाही, हे स्टँडावरचे शास्त्र.

माझ्या शेजारी पळस्प्याचे बाळाराम आणि त्यांची मुलगी प्रणाली. तिच्या मांडीवर कागदपत्रांची फाइल होती. उरणच्या आयटीआयमध्ये तिला इलेक्ट्रिशियनची सीट लागली होती.

"आज शेवटचा दिस हाय," बाळाराम म्हणाले. "पाचच्या आत पोचली नाय तर सीट दुसऱ्याला. सलीमभाई, काढा ना गाडी!"

"काढतो दादा. फक्त दोन सीट येऊ द्या."

"तुमच्या दोन सीटपायी माझ्या पोरीची एक सीट जायाची!"

"सीटचं नाव काढू नका," एक डमी पान चघळत म्हणाला. "इलेक्शनला आमच्या वॉर्डात घरची सीट पडली." कोणी हसले नाही. प्रणाली घड्याळ बघत होती आणि वाटेत जासईला कंटेनर ट्रकची रांग असणार, हे सगळ्यांना ठाऊक होते.

पावणेचारला नवरा, बायको आणि सासूबाई आल्या. जागा दोन.

"आजींना मांडीवर घ्या," डमीने सुचवले. सासूबाईंनी त्याच्याकडे असे पाहिले, की तो टपरीमागे गेला.

समुद्र कुठे पळून जात नाही, असे स्वतःला बजावत मी उतरलो. गाडी त्याच क्षणी सुटली.

मागच्या गाडीचा दत्ता म्हणाला, "काका, पुढं बसा. चष्मा हाय तुमचा, लोकांना भरोसा वाटतो." बसलो. गाडी भरत आली, तेव्हा तो अदबीने म्हणाला, "काका, उतरता जरा?" उतरलो. दत्ता गेला. असल्या तीन गाड्या मी भरून दिल्या. प्रणालीचे काय झाले ते कळेपर्यंत मला जायचेही नव्हते. तोवर डमींच्या वाट्याचा चहा आणि कांदाभजी मला न मागता मिळू लागली होती.

पाच वाजून गेल्यावर टपरीवाल्याचा फोन वाजला. सलीमभाईंकडून नंबर घेतलेले बाळाराम स्पीकरवर होते. "चष्मेवाले काका हायेत का तिथं? सांगा त्यांना, गेट लावीत व्हते, तेवढ्यात घुसलो. भेटली (मिळाली) सीट!"

टपरीवाल्याने मला एक भजे जास्त दिले.

घरचे आता विचारतात, उरण कसे आहे. उरण मी अजून पाहिलेले नाही. पुण्याच्या बसला गर्दी होती, उभ्याने आलो.