एका धोट्याचा प्रोसेसर

"पुरं उघडलं की सांगा," असं म्हणून अण्णांनी खुर्चीतच डोळे मिटले.

स्क्रीनवर चादरीचं डिझाइन वरून खाली उतरत होतं. आधी किनारीची एक पट्टी. मग नुसतंच थांबणं. मग कमळाच्या पाकळ्यांची टोकं. मी मोबाइलवर वेळ लावली होती. पूर्ण डिझाइन दिसायला चार मिनिटं दहा सेकंद लागली. एक रंग बदलला की पुन्हा तेवढीच.

मी सोलापुरात वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करते. अण्णा साखर पेठेत राहतात, चादरीची डिझाइन्स काढतात. घरात तेलुगू, बाहेर मराठी. भिंतीपलीकडे त्यांच्या मुलाचे चार माग चालतात. त्या आवाजाची पाच मिनिटांत इतकी सवय होते की माग थांबले तरच दचकायला होतं.

"येवढा वेळ लागला की काय होतंय सांगू का अम्मा?" अण्णा मला म्हणाले. "खालचं येईपर्यंत वरचं मनातनं जातंय. सपान मधीच मोडल्यासारखं."

अण्णांच्या बायको, अक्का, चहा घेऊन आल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "झोपेत बी हात हलवतात की. माऊस धरल्यावानी."

एका व्यापाऱ्याने शनिवारपर्यंत आठ रंगांचं, दुप्पट रुंदीचं डिझाइन मागितलं होतं. नाही जमलं तर तो दुसऱ्या गावातून करून घेणार होता. अण्णांकडे दोन वर्षांत एवढं मोठं काम आलेलं नव्हतं. आज सोमवार होता.

सरळ उपाय म्हणजे नवा कॉम्प्युटर. पण तो चालणार नव्हता. डिझाइनच्या सॉफ्टवेअरला एक कुलूप होतं. कॉम्प्युटरच्या मागे, जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टमध्ये एक डबी खोचलेली होती. ती असेल तरच सॉफ्टवेअर उघडायचं. नव्या मशीनला असा पोर्ट नसतो, आणि सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. अण्णांची आजवरची सगळी डिझाइन्स त्या डबीच्या भरवशावर होती. म्हणजे मशीन हेच ठेवायचं आणि त्यातला प्रोसेसर तेवढा बदलायचा. सगळी आकडेमोड तोच करतो.

"तीन हजाराच्या वर जाऊ नका," अण्णा म्हणाले. "डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बी करायचं हाय."

जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडून मी त्या बोर्डावर बसणारा चार कोअरचा प्रोसेसर आणला. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एक काम करणारा. अण्णांच्या मशीनमध्ये दोन होते. चार झाले की काम पळेल, असा माझा सरळ हिशेब.

पण बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता यायला हवा. त्यासाठी बायोस बदलावं लागतं. मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे बायोस. तो बदलताना वीज गेली तर बोर्ड मेला. तसा पोर्ट असलेला दुसरा बोर्ड कुठे शोधायचा? मी दुकानातून माझा स्वतःचा यूपीएस आणला, दोनदा तपासला आणि सुरू केलं.

भरदुपार होती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खोलीत उतरल्या होत्या. त्यांत सुताची बारीक पिंज तरंगत होती, इतकी हळू की खाली येते की वर जाते ते कळेना. स्क्रीनवरची निळी पट्टी तशीच सरकत होती. अक्का दारात उभ्या. तीन मिनिटं असतील, पण मला त्या पिंजेबरोबर आपणही कुठेतरी तरंगतोय असं वाटत राहिलं. पट्टी भरली. मशीन पुन्हा चालू झालं. ते बंद करून मी जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला, उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावली, पंखा घट्ट केला.

डिझाइन उघडलं. तीन मिनिटं पंचावन्न सेकंद.

"बदलला ना?" अण्णांनी हळूच विचारलं.

"बदलला," मी म्हणाले. त्यांच्याकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेले. या वेळी हात न लावता बसले. अण्णा काम करत होते आणि मी प्रोसेसरचा आलेख उघडून बघत होते. चार चौकटी. एक काठोकाठ भरलेली, बाकीच्या तीन जवळजवळ रिकाम्या.

"अण्णा, एका मागावर दोन धोटे एकदम फेकले तर?"

"धोट्यातला दोरा गुंतंल की. एक जाऊन आल्याबिगर दुसरा कसा फेकणार?"

त्यांचं सॉफ्टवेअरही तसंच होतं. जुन्या काळचं, एका वेळी एकाच कोअरला काम देणारं. बाकीचे तीन बसून पगार खात होते. हवा होता तो एकच, पण झपाझप हात चालवणारा.

मी पुन्हा जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे गेले. "मॅडम, लोक दोनचे चार करतात. तुम्ही चारचे दोन करताय!" तो म्हणाला. दोनच कोअरचा, पण बराच जास्त वेगाचा प्रोसेसर त्याने ड्रॉवरमधून शोधून दिला. चारवाला परत घ्यायला तयार झाला नाही. ती चूक माझी होती, त्यामुळे तो माझ्याच दुकानात राहिला.

दुपारी बसवला. एक मिनिट पंचेचाळीस सेकंद.

"आणि एकदा," अण्णा म्हणाले. पुन्हा उघडलं. तेवढाच वेळ. मग त्यांनी किनारीचा मरून काढून जांभळा भरला. कमळं एकामागून एक उतरली, पाण्यावर उमलावीत तशी. अण्णा पुढे झुकून बघत राहिले. ओठ हलत होते, बहुधा तेलुगूत धागे मोजत होते.

"आता वरचं बी ध्यानात ऱ्हातंय," ते म्हणाले.

डिझाइन शुक्रवारीच गेलं. चादरीच्या व्यापाऱ्याने एक रंग बदलायला लावला आणि ठेवून घेतलं. पुढच्या महिन्यात अण्णांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ते मला फोनवर म्हणाले, "अम्मा, तो जांभळा मला वाटला त्याच्यापेक्षा लई भडक हाय हो!"

तेव्हापासून कुणी प्रोसेसर बदलायला आलं की मी आधी त्यांना त्यांचं रोजचं काम करायला सांगते आणि शेजारी बसून बघते. अर्धा तास जातो. पण चुकीचा प्रोसेसर दुकानात पडून राहत नाही.