मराठीची कपबशी, इंग्रजीचा पंखा

सगळा दोष आमच्या बापाचा. बी विंग, सहाशे चार. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पण दोष द्यायचा असला की बाप म्हणावं, बरं पडतं. मोशीतल्या आमच्या सोसायटीचा कारभार मराठीत चालवायचा की इंग्रजीत, यावर महिनाभर प्रचार झाला, मतदान झालं, लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी राहायला लागली. ते सगळं या एका माणसामुळे.

मी सोसायटीच्या ऑफिसात बसायचो. नोटिसा लिहायच्या, तक्रारींचं रजिस्टर भरायचं, मीटिंगचं इतिवृत्त लिहायचं. अशा खुर्चीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. टँकरच्या पाण्याने टाकीत गाळ साठतो तसे ते आपोआप साठतात. त्यातला थोडा उपसतो.

*

सुरुवात टाकीपासूनच झाली. टाकी धुवायची होती, मी नेहमीसारखी मराठीत नोटीस लावली. ए विंगचा साहू ओडिशाचा, तळवड्याला आयटीत. त्याने नोटीस पाहिली, पण त्याला वाचता येईना. सकाळी दहाला त्याने तोंडाला साबण लावला आणि पाणी गेलं.

गडी टॉवेलवर, डोळे मिटून, लिफ्टने थेट ऑफिसात. "भैया, पानी." मी जारमधलं दोन तांबे पाणी दिलं. त्याने डोळे धुतले, थँक्यू म्हणाला आणि वळला. प्रकरण तिथे मिटलं होतं.

पण अण्णा बसले होते. अण्णांची हयात चाकणला एका कंपनीच्या टूलरूममध्ये गेली. रिटायर झाल्यापासून ते रोज सकाळी ऑफिसात येऊन पेपर वाचायचे आणि माझं इन्स्पेक्शन करायचे.

"बघ. तुझ्या मराठीनं माणूस आंधळा होता होता राहिला," अण्णा म्हणाले. "सोसायटीत इंग्रजीच पाहिजे."

साहू दारात थांबला. "अंकल, फोन कर देते तो भी चलता."

अण्णांनी त्याच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला. "तू घाबरू नको. मी आहे."

*

आता अण्णांना इंग्रजीचा एवढा पुळका का, ते सांगतो. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. कॉलेजची बॅग स्वयंपाकघरातल्या माळ्यावर फेकली, मोठ्या पातेल्यांच्या मागे. अण्णा चारचौघांत सांगतात, "मराठी मीडियमचं पोरगं, इंग्रजी झेपलं नाही."

खरं म्हणजे मी गणिताच्या एकाच पेपरात तीनदा आपटलो. गणिताला कसली आलीय भाषा? पण मी अण्णांना हे कधी बोललो नाही. गणितात नापास झालो तर दोष माझा. इंग्रजीमुळे नापास झालो तर दोष मला मराठी शाळेत घालणाऱ्याचा.

*

वार्षिक सभेत अण्णा उठले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "सोसायटीचा सर्व कारभार यापुढे इंग्रजीतून व्हावा, असा ठराव मी मांडतो."

तापकीर आबा पुढच्या रांगेत होते. सोसायटीची जमीन मूळ त्यांची. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात नऊ फ्लॅट दिले, त्यामुळे आबा सभेला बसत नाहीत, सभा भरवल्यासारखे बसतात. ते म्हणाले, "अण्णा, येक वाक्य इंग्रजीत बोला की. आमाला बी कळू द्या काय येनार हाय."

अण्णा हलले नाहीत. "आबा, मी नळ मागतोय. पाणी मीच भरलं पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

टाळ्या पडल्या. मी पण वाजवली एक, चुकून.

आमचे चेअरमन कुलकर्णी काका लिफ्टचं बटणसुद्धा तिघांना विचारून दाबतात. ते म्हणाले, "गुप्त मतदान घेऊ." सभा उठल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "ठराव पास झाला तर ऑफिसला इंग्रजी लिहिणारा माणूस घ्यावा लागेल हं. तुझं मग बघू."

सोसायटीच्या कारभारात 'बघू' म्हणजे नाही.

घरी आल्यावर मी अण्णांना म्हणालो, "तुमचा ठराव पास झाला तर माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे की. तेवीस वर्षांचा घोडा झालास आणि म्हाताऱ्यांच्या गळक्या नळांचं रजिस्टर लिहायलास. ही काय नोकरी आहे का?"

"मग तुम्ही रोज तिथं येऊन बसता कशाला?"

"पेपर वाचायला."

आई भाजी निवडत होती. आमच्या घरात तिचं मत विचारायची पद्धत नव्हती.

*

मग प्रश्न आला, मतपत्रिका कोणत्या भाषेत छापायची? मराठीत छापली तर अण्णांचा गट सही करेना, इंग्रजीत छापली तर आबांचा. कुलकर्णी काकांनी यावर तीन मीटिंगा घेतल्या. शेवटी भाषाच नको, चिन्हं छापा, असं ठरलं. चिठ्ठ्या टाकल्या. मराठीला कपबशी मिळाली, इंग्रजीला पंखा.

त्या दिवसापासून अण्णांनी कपातून चहा पिणं सोडलं. प्रचाराला दारोदार फिरायचं, आणि आपल्याकडे कुणाच्याही दारात गेलं की आधी चहा येतो, तो कपबशीतच. दोनशे दोनमधल्या जाधववहिनींनी ट्रे पुढे केला तर अण्णा म्हणाले, "मला ग्लासात द्या." वहिनींकडे ग्लास घासायला पडलेले. अण्णा अडून बसले. शेवटी वहिनींनी आमटीच्या वाटीत चहा दिला. इंग्रजीचा पुढारी सोफ्यावर बसून वाटीतून चहाचे भुरके मारतोय, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

आमच्या घरातल्या कपबश्याही त्यांनी माळ्यावर टाकायला लावल्या. "कुणी आलं, बघितलं, तर काय म्हणेल?" आईने स्टूलवर चढून टाकल्या.

*

आबांची प्रचाराची रीत वेगळी. त्यांनी गेटवर फ्लेक्स लावला. मधोमध आबा, काळा गॉगल, हात जोडलेले. वर पाच मुलगे, खाली पाच नातू, कोपऱ्यात कार्यकर्ते, पार्किंगवाला, आणि कुणाचा तरी पाहुणा. एवढी तोंडं बसवल्यावर कपबशीला जागाच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक आबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला लागले. दुपारी कुणीतरी केक आणला. आबांनी कापला. मी विचारलं, "आबा, सांगायचं ना, वाढदिवस नाही म्हणून?"

"आरं, लोक खुशीनं आल्यात. त्यांना न्हाई कसं म्हनायचं?"

*

पत्रकं लिहायला दोन्ही बाजू माझ्याकडेच आल्या. मराठीत धड चार ओळी लिहिणारा अख्ख्या सोसायटीत मी एकटा. हाताने लिहायचं आणि झेरॉक्स काढायची.

मी अण्णांना म्हणालो, "इंग्रजीचा प्रचार आहे तर इंग्रजीत काढा की पत्रक."

"इंग्रजी येणाऱ्याला काय पटवायचं? ज्याला येत नाही त्याला पटवायचंय. मराठीत लिही. आणि चांगलं लिही."

मी ठरवलं होतं, मुद्दाम भिकार लिहायचं. शेवटी माझ्याच पोटावर पाय होता. पण बसलो आणि जमेना. एखादं वाक्य लंगडं दिसलं की हात आपोआप दुरुस्त करायचा. 'ज्या भाषेत पोराची मुलाखत होते, ती भाषा घराच्या जिन्यापर्यंत येऊ द्यायला भिता कशाला?' हे माझं वाक्य. अण्णांनी स्वतःच्या नावाने छापलं. लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं.

आबांचं पत्रक लिहायला बसलो तोवर चांगली वाक्यं संपली होती.

आईने अण्णांचं पत्रक फ्रिजवर चिकटवलं. येता-जाता वाचायची. मला वाटलं, पोराचं अक्षर म्हणून.

*

सी विंगमध्ये एक आजी आहेत. अण्णांसोबत पत्रकं वाटायला मी पण गेलो होतो. अण्णांनी त्यांना अर्धा तास इंग्रजीचे फायदे सांगितले. आजी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आत्ता नोटीस लागली की मी खाली जाऊन वाचते आणि सुनेला सांगते, उद्या पाणी न्हाई, बादल्या भर. ती भरते. इंग्रजी आलं की नोटीस ती वाचणार, आणि बादल्या मी भरणार. माझं मत कपबशीला."

अण्णांनी एक मत गेलं असं वहीत लिहिलं.

*

ते गेलं नव्हतं. मतदानाच्या दोन दिवस आधी मी मतदार यादी काढायला बसलो. नियम साधा: शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं पहिलं नाव, त्याचं मत. मी सर्टिफिकेटं उलटत गेलो आणि मला हसू आवरेना. बाईच्या नावावर घर घेतलं की नोंदणीला सूट मिळते. तेवढ्यासाठी सोसायटीतल्या निम्म्याहून जास्त पुरुषांनी फ्लॅट बायकोच्या नाहीतर सुनेच्या नावावर घेतला होता, आणि नंतर ते साफ विसरले होते.

म्हणजे महिनाभर ज्यांनी पार्किंगमध्ये भाषणं ठोकली, एकमेकांच्या कॉलरी धरल्या, त्यातल्या बहुतेकांना मतच नव्हतं. सी विंगच्या आजींना नव्हतं, त्यांच्या सुनेला होतं. आबांना होतं एकच. उरलेल्या आठ फ्लॅटांतले पाच सुनांच्या नावावर.

आणि सहाशे चारमध्ये मत आईचं.

मी यादी अण्णांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. ठरावाच्या मालकाला मत नाही. मग म्हणाले, "ती काय माझ्या बाहेर आहे का?"

दुसऱ्या दिवशी आबांनी भर आडदिवसात हळदीकुंकू ठेवलं. अण्णांनी लगेच साहूच्या बायकोला पुढे करून क्लबहाउसमध्ये दुसरं ठेवलं. बायका दोन्हीकडे गेल्या. दोन्हीकडून स्टीलचा डबा घेतला. मत कुणाला, ते एकीनेही सांगितलं नाही.

*

मतदान रविवारी. फर्स्ट शिफ्टवाल्यांना सुट्टी, म्हणून आठ ते पाच.

सकाळी आई मला म्हणाली, "स्टूल दे जरा. माळ्यावर चढायचंय."

मी स्टूल लावून अंघोळीला गेलो. बाहेर आलो तर ओट्यावर अण्णांचा चहा स्टीलच्या ग्लासात, आणि माझा कपबशीत. महिनाभराने घरात कपबशी दिसत होती. अण्णांनी कपबशी पाहिली, आईकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"पंख्यावर शिक्का मारायचा, सांगून ठेवतो," ते म्हणाले.

"आई, माझी नोकरी आहे," मी म्हणालो. तेवढंच म्हणालो. कपबशीने सगळं सांगितलं होतंच.

"चहा घ्या दोघं, गार होतोय," आई म्हणाली.

मी बशीत ओतून प्यायलो. मुद्दाम आवाज करून.

आई साडीचा पदर खोचून नऊ वाजता गेली, मत देऊन आली, आणि धुणं धुवायला लागली. मी दिवसभर खाली टेबलावर यादीवर खुणा करत होतो. इतका निवांत मी महिनाभरात नव्हतो.

पाचनंतर क्लबहाउसमध्ये मोजणी झाली. पेटी गणपतीच्या वर्गणीची, त्यामुळे आधी तिच्यातून गुलाल निघाला आणि सगळी मतं गुलाबी झाली. कुलकर्णी काकांनी दोनदा मोजली, मग तिसऱ्याकडून मोजून घेतली. पंखा एका मताने पुढे.

आबांनी मागे वळून आपल्या पाच सुनांकडे पाहिलं. पाचही सुना मान वर करून छताचा पंखा बघत होत्या.

अण्णांना लोकांनी खांद्यावर घेतलं. ते वरून मला शोधत होते. मी निघालो.

घरी आई पोळ्या लाटत होती. मी म्हणालो, "नोकरी एका मताने गेली."

"हात-पाय धू," ती म्हणाली. "आणि गॅलरीतलं वाळलेलं आत आण."

गॅलरीत दोरीवर अण्णांचे शर्ट होते, तिच्या दोन साड्या होत्या, आणि शेवटी माळ्यावरची माझी कॉलेजची बॅग. धुतलेली, सगळ्या चेन उघड्या, उलटी टांगलेली. मी हात लावून पाहिला. पार कोरडी झाली होती.

सोमवारी कुलकर्णी काकांनी ऑफिसची किल्ली परत घेतली.