लाकडी गाडीचा हट्ट

त्या शुक्रवारी आम्ही पाच जण होतो. माझा मुलगा विलास, सून मेघना, त्यांचा तेव्हा सात वर्षांचा ओंकार, खालच्या मजल्यावरची रुक्साना आणि मी. सहावा तो गाडीवरचा माणूस, बसणाऱ्यांच्या मांडीवर लोखंडी दांडा पाडून कडी लावणारा. त्याचं नाव मला माहीत नाही. यातल्या कुणालाच मी हे आजवर सांगितलेलं नाही. एकाला माहीत आहे – पण तो बोलत नाही.

मी चौथीपर्यंत शिकले, आता हातही थरथरतो. म्हणून मी बोलतेय आणि रुक्साना लिहून घेतेय. ती रत्नागिरीकडची, मराठी शाळेतली. खरं काय झालं ते तिलाही आत्ताच कळणार आहे.

समुद्रकाठच्या पार्कातली ती जुनी लाकडी गाडी, रोलर कोस्टर म्हणतात ती, आता पाडतायत. आपल्या मराठी मंडळाने दिवाळी अंकासाठी तिच्या आठवणी मागवल्या. विलासने लगेच पाठवली – तीच. ओंकारने हट्ट केला, वर गेला आणि चड्डी ओली केली, ती. आमच्याकडे पाहुणा आला की चहाच्या आधी ती गोष्ट येते. इथं आखातात, आमच्या हूरा भागातल्या निम्म्या मराठी घरांना ती पाठ असेल. तुम्हीही हसला असाल. हसलाच असाल, मी बघितलंय ना तुम्हाला हसताना. आणि मी काय करत होते? कप भरत होते.

मला फार राग येतो. कशाचा, ते सांगतेच.

मी पेणकडची. नवरा गेला तेव्हा विलास कडेवर होता. मिठागरात कामाला लागले. डोक्यावर मिठाची पाटी, पायाच्या भेगांत खारं पाणी. रडगाणं गात नाहीये – होतं तसं, केलं. पण एक सवय लागली. मला हवंय, असं म्हणायचं नाही. भूक मला लागली तरी म्हणायचं, विलासला भूक लागलीय. जत्रेतल्या पाळण्यापाशी पाय अडले तरी म्हणायचं, पोराला बघायचाय. आमच्याकडे बाया अशाच मागतात, त्यात नवरा नसलेली तर अशीच. पोराच्या तोंडून मागितलं की कुणी नाव ठेवत नाही. किती सोपं, नाही का?

विलासला इथं नोकरी लागली, त्याच्यामागे मी आले, आणि ती सवयही आली. मग सांगा, त्या गाडीपाशी मी काय केलं असेल?

ती गाडी मला दुरून दिसली तेव्हाच माझे पाय अडले. सगळी लाकडाची, पांढरा रंग खाऱ्या वाऱ्याने सोललेला, आणि डबे वर चढताना साखळीचा खडखड आवाज. वर गेलेली माणसं ओरडत खाली यायची आणि हसत उतरायची. मला बसायचं होतं. असं कधी काही हवंसं वाटलं नव्हतं हो मला – लग्नातसुद्धा नाही. नुसतं म्हणायचं होतं, विलास, मला बसायचंय. काय झालं असतं? हसले असते. मेघना म्हणाली असती, "आई, या वयात?" मग हसू द्यायचं होतं की! माझ्यावर हसले असते, माझ्या वाटणीचं.

मी ओंकारचा हात धरला.

विलासने विचारलं, "आई, कुठं निघालीस?"

मी म्हटलं, "अरे, हा ऐकतच नाही. हट्ट धरून बसलाय. मी जाते सोबत."

ओंकार तिथंच होता, माझ्या हाताला धरून. त्याने ऐकलं. रांगेत माझा पदर ओढत म्हणाला, "आजी, नो. आय डोंट वॉन्ट." मी असं दाखवलं की मला इंग्रजी येत नाही. नो कुणाला कळत नाही? सांगा ना, या जगात नो कुणाला कळत नाही?

दांडा पाडणाऱ्या त्या माणसालाही कळलं. तो म्हणाला, "अम्मा, बच्चा डरता है."

मी म्हटलं, "मफी डर. यल्ला." डर नाही, चल – एवढं अरबी मला येत होतं.

गाडी चढायला लागली. लाकूड करकरत होतं. ओंकारने डोळे मिटून माझा दंड धरला. माथ्यावर गाडी जरा थांबल्यासारखी झाली, खाली हिरवा समुद्र – आणि मग सुटली. मी ओरडले. हसले, तोंड उघडून, दात दिसतील असं हसले. डोक्यावर काही नाही, पाय जमिनीला नाहीत. तो आनंद मी नाकारणार नाही. तेवढी खोटी आता नाही व्हायची. पण शेजारी पोर किंचाळत होतं तेही मला ऐकू येत होतं. ऐकू येत होतं, आणि मी हसत होते.

उतरलो. त्याची चड्डी ओली. लोक बघायला लागले. रुक्सानाने आपली ओढणी त्याच्या कमरेला गुंडाळली. विलासने त्याला सगळ्यांसमोर एक थोबाडीत ठेवून दिली. "हट्ट करतोस आणि वर मुततोस?"

ओंकारने माझ्याकडे बघितलं.

मी पदर सारखा करत राहिले.

रुक्साना, थांबू नकोस, लिही. तू त्या दिवशी जिन्यात मला विचारलं होतंस, "मावशी, पोराला खरंच बसायचं होतं?" आणि मी तुझ्यावर खेकसले होते. तेही लिही.

त्यानंतर त्या पोराने कधी काही मागितलं नाही. खाऊ, सायकल, कॉलेज – काय हवं विचारलं की म्हणायचा, "तुम्ही ठरवा." नको असलेलंही मुकाट्याने घ्यायचा. घरातले घुम्या म्हणतात त्याला. घुम्या! त्याने एकदा स्वच्छ नो म्हटलं होतं, आणि त्याचं काय झालं ते त्याने बघितलं.

गेल्या महिन्यात त्याचा साखरपुडा झाला. विलासने मुलीकडच्यांसमोर गोष्ट काढलीच. सगळे हसले. मुलीने त्याला हळूच विचारलं, "खरं की काय?" मी जवळच पेढ्यांचं ताट घेऊन उभी होते. आता एवढा मोठा झालाय, आता तरी सांगेल, असं वाटलं. तो हसून म्हणाला, "हो, मीच हट्ट केला होता."

त्याला आठवत नाही, की तो मला सांभाळून घेतोय? मला कळत नाही. विचारायची हिंमत होत नाही. मिठागरात पायाखाली साप आला तरी न हललेली मी, नातवाला एवढं विचारू शकत नाही.

आता म्हणू नका, बिचारी, उभ्या जन्मात एकदा हौस केली. मला त्याचाच राग येतो. हौस माझी होती, भीती त्याची होती, आणि मार त्याने खाल्ला. कष्ट काढले म्हणून पोराच्या नावावर खोटं बोलायची सूट मिळत नाही.

विलासची आठवण अंकात छापून झाली असेल. तुमच्याकडे ते पान आलं, तर पेन घ्या आणि हट्ट केला त्याच्या आधी ओंकारचं नाव आहे ते खोडा. तिथे माझं नाव लिहा – शेवंती.