खिडकीची दुसरी काच

जिंतूरला फोटो मढवून देणाऱ्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं नाव मी विचारलं नाही. काचेचं माप लिहिलेला कागद पुढे करताच त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि थकल्या आवाजात विचारलं, "कोण गेलं, ताई?"

"कुणी नाही. आई खूप आजारी आहे. तिला थंडी सोसत नाही. खिडकीला आतून दुसरी काच लावायचीय. मीच लावणार आहे."

त्यांनी हातातली काच ठेवून नवी काढली, बाहीने पुसली. "सकाळपासून गेलेल्यांच्याच काचा कापायलोय. लय कंटाळलो," ते म्हणाले. "खिळे ठोकू नका. फिरत्या पट्ट्या लावा. उन्हाळ्यात आईच म्हणतील, वारं येऊ दे, काढ ती काच."

उन्हाळ्याचं नाव आमच्या डॉक्टरांनीही काढलं नव्हतं.