किल्ल्यापुढची रांगोळी

दिवाळीत आमच्या गल्लीच्या किल्ल्याची कामं मी काढून देते: माती, पोती, हळीव पेरणं, मावळे मांडणं, समोरची रांगोळी. कुणी काय करायचं ते मुलांनी ठरवायचं. यंदा माझी सहावीतली मुलगी फावडं घेऊन मातीत उतरली. "भारी हाय की," म्हणत पोरांनी तिला डोक्यावर घेतलं. शेजारचा तिच्याच वर्गातला मुलगा रांगोळी काढायला बसला, तेव्हा त्याच पोरांची तोंडं वाकडी झाली.

"काय रं, नथ कधी घालणार?"

"आधी बांगड्या भर जा, मग बस."

सगळ्यांत मोठ्यानं माझीच मुलगी हसत होती. मी दटावलं तर म्हणाली, "आई, मी माती उचलली तर चालतंय. त्यानं रांगोळी काढली तर कसं दिसतंय?"

मुलगा मान वर न करता रंग भरत राहिला. तटबंदी, बुरूज, कडेनं झेंडूची नक्षी. एकही रेघ हलली नाही.

संध्याकाळी मंडळाच्या किल्ला स्पर्धेचे परीक्षक आले. "किल्ला बरा हाय," त्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "पण रांगोळी एक नंबर. कुठल्या पोरीनं काढली?"

गल्लीचं हसं नको म्हणून पोरांनी माझ्या मुलीला पुढं ढकललं. नखांत चिखल घेऊन ती तशीच उभी राहिली.

"ह्या मुलानं काढलीय," मी म्हटलं.

"काय सांगताय, वहिनी? व्हय काय रं?"

मुलानं रंगलेली बोटं खिशात घातली. "न्हाय. तिनंच काढली."

रांगोळीच्या बक्षिसाचा स्टीलचा डबा माझ्या मुलीला मिळाला. टाळ्या वाजल्या.

मला त्या मुलाचा राग आला नाही. मुलीनं पोरांचं काम केलं की ती वर चढते, मुलानं बायकांचं केलं की तो खाली उतरतो. म्हणजे बायकांचं काम मुळातच हलकं. हे माझ्या मुलीनंही मान्य करून टाकलं होतं, ह्याचा संताप आला. हे शिकवायला वेगळा मास्तर लागत नाही. "कुठल्या पोरीनं," असं त्या गृहस्थांनी पोरांसमोरच विचारलं होतं.

सकाळी मुलीला डबा घेऊन किल्ल्यापाशी नेलं. "रांगोळी ह्यानं काढलीय. डबा ह्याचा हाय," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

"मग आता बक्षीस परत द्यायला लागतंय काय?" एकानं विचारलं.

त्या मुलानं डब्याकडं बघितलंही नाही. रांगोळी त्यानं पायानं पुसून टाकली होती, आणि तो फावड्यानं माती ओढत होता. किल्ला तर आदल्या दिवशीच पुरा झाला होता.